टिटवीचा तुरा

मैत्रिणीचा फोन आला तेव्हा मी लसूण सोलत होते. "अगं ए, तुझं नाव लागलंय भिंतीवर!" पलीकडून ती ओरडली. आमच्या वयात असं कुणी म्हटलं की आधी फोटोला हार घातलाय का, ते विचारून घ्यावं लागतं. मी विचारलं.

"मेली न्हाईस अजून," ती म्हणाली. "हिथं हिंगोलीत कॉलेजात ते छापाच्या चित्रांचं भरलंय ना, ग्राफिक आर्ट फेस्टिवल, तिथं. मोबाइलच्या ग्रुपवर यादी आली. 'जुनी घरगुती कला' म्हणून लिहिलंय, खाली तुझं नाव, तुझं गाव. तू कधीपासून चित्रं काढून राहिली गं? मला पत्ताच न्हाई!"

"चित्राचा फोटो हाये का त्यात?"

"न्हाई, नुसती नावं. उद्या ये. दोघी मिळून बघू. जेवण माझ्याकडं."

मी हो म्हणाले. फोन ठेवल्यावर पाहिलं तर लसणाच्या एका पाकळीचा बोटात पार चेंदा झाला होता.

आता लपवण्यात अर्थ नाही. ते चित्र माझं नव्हतं. ते या मैत्रिणीचंच होतं, आणि चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी मी ते माझं म्हणून खपवलं होतं. ही गोष्ट जगात दोघींनाच ठाऊक होती. एक मी आणि दुसरी ती एकवीस वर्षांची टवळी, जी मीच होते. त्या दुसरीवर माझा कधीच भरवसा नव्हता.

ते चित्र भिंतीपर्यंत पोचलं ते सुनेच्या कौतुकापायी. महिन्याभरापूर्वी कॉलेजातली माणसं आमच्या गोरेगावात घरोघर फिरून गेली. रांगोळीचे छापे, हळदीच्या पोत्यांवर मार्का मारायचे पत्रे, जुन्या लग्नपत्रिका, असलं काही असेल तर द्या, म्हणाले. मी तेव्हा शिरड शहापूरला लेकीकडे होते. सुनेने माझी पेटी उघडली, तळाशी गुंडाळून ठेवलेला कागद काढला, त्याच्यासोबत माझं प्रशस्तिपत्र सापडलं, मग काय, बाईसाहेबांनी दोन्ही देऊन टाकलं. मी परत आले तेव्हा मला म्हणाली, "आत्याबाई, तुमच्यात एवढी कला होती आन् तुमी कधी बोलल्या न्हाई." तेव्हाच बोलायला पाहिजे होतं. पण सून सासूचं कौतुक करते आहे, असा दिवस घरात रोज येत नाही. म्हटलं, उद्या सांगू.

तर ते चित्र. माझं लग्न होऊन दोन वर्षं झाली असतील. गावात ग्रामपंचायतीच्या खोलीत सरकारी शिवणक्लास निघाला आणि सासूबाईंनी मला जाऊ दिलं. मला कॉलर लावता यायला लागली तेव्हा वाटलं, आता परभणीच्या शिंप्यांनी दुकानं बंद करावीत. ब्लाउजच्या बाह्या मात्र मी एकदा दोन्ही एकाच हाताच्या शिवल्या होत्या. पण अभिमानाला बाह्या लागत नाहीत.

त्या क्लासात ही मैत्रीण होती. वेशीपलीकडच्या बौद्धवस्तीतली, मॅट्रिक झालेली, मास्तरकीच्या ट्रेनिंगला नंबर लागायची वाट बघत बसलेली. शिवणात यथातथाच, पण हातात पेन्सिल आली की बघत राहावं. उशीच्या अभ्र्यावर भरतकाम करायचं तर आधी कापडावर चित्र उतरवावं लागतं. तेव्हा आम्ही बटर पेपरवर चित्र काढायचो आणि रेघेरेघेने सुईने बारीक भोकं पाडायचो. मग तो कागद कापडावर ठेवून घासलेटात कालवलेली नीळ चिंधीच्या बोळ्याने वरून फिरवायची. भोकांतून निळे ठिपके खाली उतरायचे. एका कागदावर गावभरचे अभ्रे निघायचे. सगळ्या पोरींच्या उशांवर तेच दोन राघू आणि तेच गुलाब.

हिने टिटवी काढली. हळदीच्या रुंद पानांत एक पाय उचलून उभी राहिलेली, मान वळवलेली, आता ओरडेल की मग अशी. क्लासच्या बाई म्हणाल्या, टिटवी कोण उशाशी घेतं? ही म्हणाली, "राघू आमच्या शेतात येत न्हाई. ही रोज येती." टोचणी तर अशी की भोकं डोळ्यांना दिसायची नाहीत, बोट फिरवलं तरच कळायचं.

ती आमच्या घरी यायची. ओसरीवर बसून आम्ही दोघी अभ्रे छापायचो. सासूबाई, म्हणजे माझ्या आत्याबाई, चहा द्यायच्या. हिचा कप वेगळा होता, कोनाड्यात पालथा ठेवलेला. ती चहा प्यायची, कप धुवायची आणि परत पालथा घालायची. मी ते रोज बघत होते आणि रोज काही बोलत नव्हते. तेव्हा मला वाटायचं, मी हिला घरात घेते म्हणजे केवढी सुधारलेली! आज त्या टवळीला भेटले तर कान धरून तिला तो कप दाखवीन.

पुढे क्लास संपला, बाई बदलून गेल्या आणि तालुक्याला महिलांच्या हस्तकलेचं प्रदर्शन निघालं. ही तेव्हा महिनाभर मामाकडे गेली होती आणि टिटवीचा कागद माझ्याकडेच राहिला होता. मी त्यावरून अभ्रा भरला. भरताना वाटलं, टिटवी अशुभ, परीक्षक नाक मुरडतील. म्हणून मी काय केलं, तर पोती शिवायचं दाभण घेतलं आणि टिटवीच्या डोक्यावर टचाटचा भोकं पाडून तुरा काढला. झाली लांडोर! मग कागद आणि अभ्रा दोन्ही जोडून पाठवले, कारण 'नक्षी स्वतः काढलेली असावी' अशी अट होती. खाली माझं नाव. मनात म्हटलं, तुरा तर मीच काढलाय ना.

बक्षीस मिळालं. झाकणाचं स्टीलचं पातेलं आणि प्रशस्तिपत्र.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या जीपने निघाले. हिंगोली येईपर्यंत मी मनात तीन भाषणं तयार केली. पहिल्यात मी रडत होते. दुसऱ्यात वयामुळे मला काही आठवत नव्हतं. तिसऱ्यात सगळा दोष सुनेचा होता. तिसरं सगळ्यात चांगलं जमलं होतं.

मैत्रीण कॉलेजच्या फाटकाशीच उभी होती. एक चष्मा डोळ्यांवर, दुसरा दोरीने गळ्यात. जिल्हा परिषदेच्या शाळेत तिची सगळी नोकरी झाली, काही वर्षं आमच्याच गावात. माझा थोरला तिच्याच हाताखाली शिकला. रिटायर झाल्यावर लेकाने हिंगोलीत घर बांधलं, तेव्हापासून ती इकडे.

"या पाटलीणबाई," ती म्हणाली. "कलाकार म्हणून आलाव का बघायला?"

"मास्तरीणबाई, आधी बाकीचं बघू. माझं काय, ते पळून जातंय व्हय?"

हे मी वेळ काढायला म्हटलं, पण तिला पटलं. शाळेत पोरांच्या वह्या तपासायची तशी ती प्रदर्शन तपासायला लागली. पाटी वाचल्याशिवाय पुढे पाऊल नाही. हॉलमध्ये एका कोपऱ्यात हाताने फिरवायचं छपाईचं यंत्र होतं, दुसरीकडे पोरी लाकडाच्या फळ्या कोरत होत्या, कुणी काळ्या शाईचा रूळ फिरवत होतं. सगळीकडे शाईचा आणि टर्पेंटाइनचा वास. एका भिंतीवर चित्रांतून सांगितलेली गोष्ट होती, चौकटी-चौकटीची, त्यात एक म्हातारी मोबाइलवर बोलत बोलत म्हशीऐवजी मोटारसायकलला वैरण टाकते. मी हसले. मैत्रिणीने बारकाईने पाहिलं आणि म्हणाली, "ही तूच हायेस."

पुढे मोठ्ठा काळा छाप होता, एका बाईचा चेहरा. मैत्रीण बराच वेळ बघत राहिली.

"हिला नाक काहून न्हाई?"

"छापताना राहिलं असंल."

"राहिलं कसं? बाकी सगळं बराबर आलंय की." तिने तिथल्या पोरीला विचारलंच. पोरगी म्हणाली, ते मुद्दाम आहे आजी, बघणाऱ्याने मनात काढायचं. मैत्रीण मान हलवून पुढे गेली, आणि पाच-सहा पावलांवर थांबून म्हणाली, "मनात काढलं मी. तुझ्या नाकावानी आलं."

असं हसत-खिदळत आम्ही शेवटच्या भिंतीकडे सरकत होतो. हळदीच्या पोत्यांचे मार्के झाले. लग्नपत्रिका झाल्या. जुनी काडीपेटीची चित्रं झाली. मी म्हटलं, "चहा घेऊ का आधी?" ती म्हणाली, "तुझं बघू, मग घेऊ." आणि वळली.

त्या माणसांनी कागदाला दोन काचांत बसवून मागून दिवा लावला होता. मला ते ठाऊक नव्हतं. आम्ही तो कागद नेहमी पाटावर आडवा टाकून पाहिला. उजेडात कधी धरलाच नाही. आता भोकाभोकातून उजेड येत होता. हळदीच्या पानांची शीर न् शीर, उचललेला पाय, वळवलेली मान, सगळं बारीक बारीक उजेडाच्या ठिपक्यांचं. मला माझं पापही क्षणभर आठवलं नाही, इतकी ती सुंदर दिसत होती. आणि तिच्या डोक्यावर माझा तुरा, दाभणाच्या भोकांचा, मालट्रकच्या दिव्यासारखा भगभगत होता.

खाली पाटी. 'लांडोर'. त्याखाली माझं नाव.

मैत्रिणीने डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि गळ्यातला लावला. काचेला नाक टेकेल इतकी जवळ गेली. बोट उचललं आणि काचेवरून, न टेकवता, पाठीच्या रेघेवरून शेपटीपर्यंत नेलं. मग माझ्याकडे वळली.

"हिला तुरा काहून?" ती हळूच म्हणाली.

मी तोंड उघडलं, तेवढ्यात चित्रकलेच्या मॅडम आल्या. फेस्टिवलचं सगळं त्याच बघत होत्या. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की गोरेगावच्या आजी आल्या. त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले.

"आजी, तुम्हाला कल्पना नाही, आम्ही सगळे हे चित्र बघून थक्क झालो. आणि तुमची ती युक्ती! सगळं चित्र इतक्या नाजूक सुईने, आणि तुऱ्यालाच तेवढी जाड सुई. म्हणजे नजर आधी डोक्याकडे जावी म्हणून, हो ना? तेव्हा कुणी शिकवलं होतं हे तुम्हाला?"

सांगायला लाज वाटते, पण खरं सांगते. त्या क्षणी ती एकवीस वर्षांची टवळी माझ्या आत ताठ उठून बसली. पदर सावरला तिने. म्हणाली, बोल ना, आपसूक सुचलं म्हण. दाभण हाताशी होतं म्हणून घेतलं, हे कुणाला कळणार आहे?

मॅडम पुढे म्हणाल्या, "दुपारी तीन वाजता सगळ्यांसमोर कराल का? एक साधं चित्र काढून, टोचून, छापून दाखवा. मुली खूप शिकतील."

चित्र काढून! मी आजपर्यंत काढलेलं एकमेव चित्र म्हणजे तो तुरा. मी मैत्रिणीकडे पाहिलं. शाळेत पोरगं उत्तर देईपर्यंत थांबतात ना मास्तर, तशी उभी होती.

"मॅडम, हे चित्र माझं न्हाई," मी म्हटलं. "हिचं हाये. सगळं हिनं काढलं, हिनंच टोचलं. आन् ही लांडोर न्हाई, टिटवी हाये. तुरा तेवढा माझा. अक्कल नव्हती म्हणून लावला."

मॅडमनी एकदा माझ्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मी... मी पाणी सांगते." आणि गेल्या. मैत्रीण हॉलच्या मागच्या दाराने बाहेर पडली. मी तिच्यामागे.

मागे पायऱ्या होत्या, समोर मोटारसायकली लावलेल्या. ती बसली. मीही बसले, एक पायरी खाली.

"तालुक्याला पाठवलं होतं?" तिने विचारलं.

"व्हय. तू मामाकडं गेली होतीस तवा."

"बक्षीस?"

"पातेलं. झाकणाचं."

"ते मोठं? तू चहा करतीस ते?"

"तेच."

ती अशी हसायला लागली की तिचे दोन्ही चष्मे हलायला लागले. "म्हंजी मी माझ्याच बक्षिसातला चहा पिऊन राहिले गं इतकी वर्षं! आन् दर खेपेला म्हणते, काय मस्त चहा केलास!" हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मलाही हसू आलं. तिने माझ्या पाठीत धपाटा घातला. "चोरटी हायेस एक नंबरची."

इथे थांबले असते तर दिवस गोड झाला असता. ती टवळी हेच सांगत होती: झालं की, हसली ती, आता पुरे. पण त्या चोरीच्या मागे दुसरं एक होतं, आणि ते पातेल्यापेक्षा फार जड होतं. आज नाही बोलले तर मरेपर्यंत बोलणार नाही, हेही मला कळत होतं.

"अजून एक हाये," मी म्हटलं.

"अजून काय चोरलं?"

"तू मामाकडून परत आली, आमच्या घरी आली होतीस. सकाळच्या पारी. आठवतं का?"

तिचं हसू ओसरलं. "आठवतं. तू दारातच उभी राहिली. मला हळूच म्हणाली, आत्याबाई घरात हायेत."

"व्हय."

"मी समजले. परत गेले."

"तू जे समजली ते खरं न्हाई. आत्याबाई घरात होत्या, पण त्यांनी काही म्हटलं नव्हतं. पातेलं आत फळीवर होतं, प्रशस्तिपत्र भिंतीला होतं. तू आत आली असतीस तर दिसलं असतं. म्हणून मी तसं म्हटलं. मला माहीत होतं तू काय समजशील. समजू दिलं."

मोटारसायकल घेऊन कुणीतरी निघालं.

"मंग मी आलेच न्हाई पुन्ना," ती म्हणाली. "ट्रेनिंगला जाईस्तोवर. दोन वर्षं."

"आत्याबाईच मला विचारायच्या, ती चित्रं काढणारी पोरगी काहून येईना गेली. मी म्हणायची, तिला काम असतं."

"विचारायची तुझी सासू?"

"दोन-तीनदा विचारलं. तुझा कप तेवढा त्यांनी वेगळा ठेवला होता, ते खरंच हाये. त्याला मी चांगलं म्हणत न्हाई. पण त्या दिवशीचं त्यांचं न्हाई. ते माझं."

तिने गळ्यातला चष्मा पदराने पुसला आणि म्हणाली, "तुझी सासू वारली तवा मी आपल्याच गावच्या शाळेवर होते. ती असेस्तोवर तुमच्या घरात आले न्हाई, मातीलाबी आले न्हाई. शाळा हाये म्हणून निरोप धाडला होता तुला. त्या दिवशी शाळेला सुट्टी होती."

माझ्या एका वाक्याने किती वर्षं कुणाकुणाच्या अंगावर काय काय टाकलं, त्याचा हिशेब करायलाही मी कधी बसले नव्हते. सासूबाई गेल्या तेव्हा मीच म्हणाले होते, मैत्रीण असून आली नाही बघा. रडता रडता म्हणाले होते! नाटकीपणाचंही एखादं पातेलं द्यायला पाहिजे होतं मला तालुक्याने.

तीन वाजत आले तशा मॅडम दारात आल्या. बाहेर यावं की नको अशा चेहऱ्याने म्हणाल्या, "आजी, कार्यक्रम रद्द केला तरी चालेल."

मैत्रीण उठली. गुडघ्यावर हात ठेवून, माझा हात न घेता. "रद्द काहून? करू. बटर पेपरची बारकी पट्टी लागंल आन् मैद्याची खळ."

हॉलमध्ये पोरींचं कोंडाळं झालं. काचेतून कागद काढला. मैत्रिणीने तो पालथा घातला, आणि पट्टी फाडून, बोटाने खळ लावून, माझ्या तुऱ्याच्या एकेका भोकावर मागून चिकटवत गेली. घाई नाही की बोलणं नाही. खळ वाळेपर्यंत तिने भोक कसं पाडायचं, सुई उभी कशी धरायची ते सांगितलं, अगदी शाळेतल्या आवाजात. मग मला म्हणाली, "लाव नीळ. हलक्या हातानं. रगडू नको, तुला सवय हाये."

मी बोळा फिरवला. ते काम मला येत होतं. कागद उचलला तर पांढऱ्या कापडावर टिटवी उभी. डोक्यावर काही नाही, साधं गोल डोकं. मान वळवून आमच्याकडे बघते आहे. एक पोरगी म्हणाली, "अय्या, ही तर आता ओरडेल!" मैत्रिणीने तिच्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदा जरा हसली.

मॅडमनी नवी पाटी आणि पेन पुढे केलं. मैत्रीण म्हणाली, नवी नको, जुनीच आणा. जुन्या पाटीवर तिने 'लांडोर' या शब्दावर आणि माझ्या नावावर एकेक सरळ रेघ मारली, पोरांच्या वहीत चुकीवर मारतात तशी. खाली गोल अक्षरात 'टिटवी' लिहिलं आणि आपलं नाव.

"खोडलेलं दिसतंय की आजी," एक पोरगी म्हणाली.

"दिसलं पायजे," ती म्हणाली.

मला तिने जीपपर्यंत सोडलं. वाटेत उन्हाचं बोललो, तिच्या लेकाच्या घराच्या गळतीचं बोललो. जेवणाचं तिने काढलं नाही आणि मीही काढलं नाही. जीपमध्ये बसताना मी म्हटलं, "येते गं." ती म्हणाली, "बस नीट, दार लागतंय का बघ."

घरी आल्यावर आधी सुनेला सांगितलं. चित्राचं सांगितलं आणि दारातल्या वाक्याचंही. ती पोळ्या लाटत होती. लाटणं थांबवून म्हणाली, "मी तर माहेरीबी सगळ्यांना सांगितलं तुमचं." मी म्हटलं, "आता हे सांग." त्या रात्री माझ्या ताटात तूप जरा कमी पडलं. ते बरोबरच होतं.

मैत्रिणीचा फोन आला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. मी दोनदा लावला, तो वाजत राहिला. हॉलमध्ये सगळ्यांसमोर बोलून मी मोकळी झाले, असं मला वाटलं होतं. मी मोकळी झाले होते, पण ती नव्हती. तिला तर सगळं आत्ता कळलं होतं. माझं पंचेचाळीस वर्षांपूर्वीचं, तिचं परवाचं.

चौथ्या दिवशी दुपारी फोन वाजला.

"बोलू नको, ऐक," ती म्हणाली.

आणि मग ती बोलली. त्या दोन वर्षांबद्दल. बाजाराला जाताना आमच्या घरावरून जावं लागू नये म्हणून ती नाल्याच्या वाटेने कशी जायची. आई विचारायची तर काय सांगायची. तिने पुन्हा चित्र का काढलं नाही. पेन्सिल हातात घेतली की माझं दार दिसायचं. "तू चित्र चोरलं, त्याचं मला हसू येतं. पण तू मला माझ्या वस्तीत परत पाठवलं गं, आन् मी समजले की जगाची रीत हाये. जगाची रीत समजून माफ केलं मी. तुला माफ केलं असतं तर वेगळं. मी भलत्यालाच माफ करून बसले!" तिचा आवाज चढत गेला. नंतर ती रडली, मग पुन्हा ओरडली. लेकराला तरी पाठवायचं होतंस एखादी चिठ्ठी देऊन, म्हणाली. माझ्या तोंडापर्यंत आलं की तेव्हा मला लेकरू कुठे होतं. पण गिळलं. माझ्या आतली ती टवळी सारवासारव करायला किती वेळा उठली असेल, मी तिला तितक्या वेळा खाली बसवलं.

अर्धा तास झाला असेल. मग ती अचानक थांबली.

"ठेवते. गॅसवर दूध हाये." आणि मी 'बरं' म्हणायच्या आत, "उद्या याच टाइमाला करते. अजून माझं संपलं न्हाई."

दुसऱ्या दिवशी मी जेवण आटोपून तासभर आधीच मोबाइल मांडीवर घेऊन ओसरीवर बसले. सून म्हणाली, कुणाची वाट बघून राहिल्या? मी म्हटलं, बोलणी खायची हायेत, मधी हाक मारू नको.